एक बैल कमी

दादा,

काल तुझा तेरावा झाला. पुऱ्या छान फुगल्या, श्रीखंड किंचित आंबट निघालं आणि गुरुजींनी दोनदा तुझं नाव गंगाधर म्हटलं. दुसऱ्यांदा मी ‘गंगाराम’ म्हणायला तोंड उघडलं तर वहिनीने माझा पदर ओढला. जाऊ दे, म्हणाली, ते असतील तिथे एखादं इंजिन चालू असणार, त्यांना कुठे ऐकू जातंय. मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. पाहुण्यांना वाटलं, रडतायत. तेरा दिवस रडलोच आहोत, पण त्या वेळी नाही.

लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला वाटलं, हे चुकीच्या घरी आलेत. शांत स्वभाव, म्हणे. कुणाला दुखवलं नाही, म्हणे. शेडमध्ये तू पाना फेकून भिंतीला पाडलेलं भोक त्यातल्या एकानेही पाहिलेलं नाही. मी मान डोलावली. हट्टी, तापट आणि पुऱ्यांवर जीव असलेला माणूस होता, हे तेराव्याला सांगून कुणाला पटणार?

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. पाच वर्षं ते जिभेच्या टोकावर आहे. मी तुला एकदा खोटं माप सांगितलं, दादा. एकदाच. आणि तुझी शाली मापाला खोटी नाही असं तू सगळ्या मुलुंडला सांगत फिरायचास, म्हणून ते तोंडातून निघालं नाही. आज लिहून काढते आहे. आधी सगळं नीट आठवू दे, कारण तुला मधलं गाळलेलं चालत नाही.

मुलुंडसारख्या ठिकाणी ट्रॅक्टरची इंजिनं कोण दुरुस्त करतं, असं मला कंपनीत नेहमी विचारायचे. शेत कुठलं इथे. पण भिवंडीकडून, वसईकडून, पार मुरबाडकडून लोक टेम्पोत घालून तुझ्याकडे इंजिनं आणायचे. सगळी म्हातारी. साहेबाच्या देशातून आलेली, ज्यांचे सुटे भाग मिळेनासे होऊन जमाना झाला होता. भंगारवाला जे वजनावर मागायचा ते तू घरी आणायचास, खोलायचास आणि नवीन होतं तेव्हापेक्षा जास्त ताकदीचं करून परत द्यायचास. नुसतं दुरुस्त करणं तुला कमीपणाचं वाटायचं. ‘चालता तसा चालयण्यात काय मजा,’ म्हणायचास. गिरणीत पंधरा वर्षं फिटर होतास, तिथे सगळं होतं तसंच चालवावं लागायचं, त्याचा तू शेडमध्ये सूड उगवलास असं माझं मत आहे.

ताकद मोजायची तुझी रीतही जगावेगळी. कागदावर लिहिलेलं असायचं पंचवीस घोड्यांचं इंजिन. तू म्हणायचास, आपल्याकडे नांगराला घोडा कोण जुंपतो? मग घोडे सोडून तू बैल मोजायचास. सिलिंडर मोठे केले की दोन बैल वाढले. हवा आत येण्याची वाट कानशीने घासून गुळगुळीत केली की अर्धा बैल. आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तासून पातळ केलं की तीन. झाकण पातळ झालं की आतली जागा कमी होते, इंधन आणि हवा जास्त दाबली जाते आणि भडका जोरात उडतो. एवढं मी आमच्या कंपनीतल्या साहेबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग सगळेच का नाही तासत? मी म्हटलं, कारण एका मर्यादेपलीकडे तासलं की वरून खाली उघडणारे व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या झडपा, खालून येणाऱ्या पिस्टनवर आपटतात आणि सगळ्याची वाट लागते. ती मर्यादा सांगणं हे माझं काम होतं.

ते कामही तूच दिलंस. बाबा म्हणत होते, मुलगी आहे, टायपिंग शिकू दे. तू गिरणीतून मोडीत निघालेला व्हर्निअर आणून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, ह्या दाराची जाडी सांग. मी सांगितली. मग ताटाची, मग बाबांच्या चष्म्याच्या काडीची. आठवडाभर मी घरातलं सगळं मोजलं आणि बाबा कंटाळून हो म्हणाले. घाटकोपरच्या कंपनीत इन्स्पेक्शनला मी एकटी बाई होते. तू चहाच्या टपरीवर सांगायचास की माझी बहीण एका मिलिमीटरचे शंभर तुकडे करते. टपरीवाला माझ्याकडे जरा घाबरून बघायचा.

शनिवारी अर्धा दिवस भरला की मी थेट तुझ्या शेडवर. तुझा कान आणि माझं माप, ह्यावर आपलं कधी पटलं नाही. तू पिस्टनवर बोट फिरवून सांगायचास, घासलाय. मी मायक्रोमीटर लावून सांगायची, किती. बहुतेक वेळा तुझं बोट बरोबर असायचं, ह्याचा मला फार राग यायचा. भांडण मिटवायला तुझं एकच वाक्य होतं. ‘तुझा माप तुका, माझो कान माका.’ आणि लगेच वर विचारायचास, पण आकडा काय आला?

आणि कणीक. ती आठवली तरी अजून हसू येतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरते ते बघायला बाहेर कसलीशी विलायती माती मिळते असं मी वाचलं होतं. तू म्हणालास, घरात कणीक असताना माती कशाला. सुपारीएवढा गोळा करायचा, तेल लावून पिस्टनच्या डोक्यावर ठेवायचा, हेड बसवून आवळायचं, हाताने इंजिन दोन वेढे फिरवायचं, पुन्हा हेड काढायचं. गोळा जिथे सगळ्यात पातळ दबला असेल तिथे ब्लेडने कापून जाडी मोजायची. पहिल्या वेळी पोळ्यांची कणीक नेली तर ती दबून पुन्हा फुगली आणि माझी तिन्ही मापं वेगळी आली. म्हणून पुरीची, घट्ट. वहिनी अर्धा किलो भिजवायची, त्यातले चार गोळे इंजिनाला आणि उरलेल्याच्या पुऱ्या. इंजिन तयार व्हायच्या आदल्या शनिवारी तुझ्या घरी पुरी-भाजी ठरलेली. वहिनी त्याला इंजिनाचं केळवण म्हणायची.

आता ते सांगते.

रंगीत टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. बोरिवलीपलीकडच्या कोळीवाड्यातून धर्मा नाखवा आला होता. त्यांच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढायला एक जुना ट्रॅक्टर होता, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा. शिडाच्या होड्या होत्या तोवर ठीक होतं. आता सगळ्यांनी मशीन बसवलं, होड्या मोठ्या झाल्या, आणि नाखव्याची नवी होडी तर जुन्या दोघींइतकी जड होती. समुद्र खवळायच्या आत ती भरतीच्या रेषेवर चढली नाही तर पावसाळाभर लाटांच्या तोंडी राहणार. बायकोचे दागिने त्या होडीत आहेत, एवढंच तो म्हणाला. तुझे डोळे चमकलेले मी बघितले. नवा ट्रॅक्टर घ्या म्हणून सांगता आलं असतं तुला. तू विचारलंस, किती बैल हवेत?

महिनाभर त्या इंजिनावर तू जीव टाकलास. सिलिंडर मोठे केलेस, रॉकेल बंद करून नुसत्या पेट्रोलवर घेतलंस, हेड दोनदा तासून आणलंस. आणि मला त्या महिन्यात झोप नव्हती, कारण मला तुझी भुवई दिसत होती.

आदल्या वर्षीचं ते खाणवाल्याचं इंजिन. तू असेच बैल वाढवत गेलास आणि शेडमध्ये पूर्ण वेगाने चालवून बघताना पिस्टनला धरणारा आतला रॉड तुटून इंजिनाच्या ओतीव अंगातून बाहेर आला. एक तुकडा तुझ्या डोळ्याच्या वर लागला. अर्धा इंच खाली असता तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि तू त्यांना विचारलंस की अर्धा इंच म्हणजे नक्की किती, माझी बहीण मोजून सांगेल. सगळे हसले. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. पुढे कित्येक दिवस तुझ्या रक्ताने भरलेला तो सदरा मला दिसायचा.

त्या शनिवारी आपण चार गोळे ठेवले. मी चारही काढून डब्याच्या झाकणावर ओळीने मांडले, कापले, मोजले. अडीच मिलिमीटर आलं. दीडपर्यंत चालतं हे तुला पाठ होतं. म्हणजे अजून एक मिलिमीटर तासायला जागा होती. तू हात पुसत उभा होतास आणि विचारलंस, ‘आकडा काय आला गो?’

व्हॉल्व्ह आपटले नसते, हे मला ठाऊक होतं. मला भीती होती ती खालच्या जुन्या रॉडची. तीस वर्षं झिजलेला, वरून इतका दाब, आणि समोर दोराला लागलेली माणसं आणि सीटवर तू. पण रॉडच्या भीतीला आकडा नव्हता. ‘मला भीती वाटते’ म्हटलं असतं तर तू हसला असतास. तू फक्त आकड्याला मान द्यायचास.

मी म्हटलं, दीड.

मापांच्या वहीतही तेच लिहिलं. माझ्या हाताने, तारखेसकट. कंपनीत मी असा एक आकडा लिहिला असता तर स्वतःहून नोकरी सोडली असती.

तू हेडच्या कडेवरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, बरं, मग झालं. इतक्या सहज म्हणालास की मला रडू आलं. डोकं दुखतं असं सांगून मी पुरी-भाजी न खाता घाटकोपरला माझ्या घरी निघून गेले. केळवणाला न जाण्याची ती माझी पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर परत आले तोवर नाखवा दोन माणसं आणि टेम्पो घेऊन इंजिन न्यायला आला होता. तू हँडल मारलंस. तिसऱ्या झटक्याला ते सुरू झालं, आणि काय आवाज होता, दादा. गोल, भरलेला, एकही ठोका चुकीचा नाही. तू डोळे मिटून ऐकत होतास. आणि मग धुराच्या नळीतून खमंग वास यायला लागला. आधी भाजलेल्या पुरीचा, मग करपलेल्या पुरीचा. शेजारच्या गाळ्यातला कामगार विचारायला आला की आज जेवण इथेच का. नाखवा वाकून नळीपाशी गेला, वास घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला की मिस्त्री, आम्ही ह्याला पेट्रोल घालायचं ठरलं होतं ना?

एक गोळा आत राहिला होता. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मी म्हटलं, मी चार ठेवले, चार काढले, चार मोजले. तू म्हणालास, मग चौथ्या सिलिंडरमध्ये पुरी कोणी तळली? आदल्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे मला एकटीलाच ठाऊक होतं, त्यामुळे पुढे माझीच खात्री डळमळली. पण कबूल मी केलं नाही. पाच वर्षं आपण त्या गोळ्यावरून भांडलो. दिवाळीत, माझ्या वाढदिवसाला, हॉस्पिटलमध्येसुद्धा. नर्सने तुला बोलू नका म्हणून सांगितलं होतं, तरी तू मला बघून पहिलं काय केलंस, तर चार बोटं दाखवलीस आणि त्यातलं एक मिटलंस.

होडी चढली. दहा-बारा जण दोराला, बायका खाली ओंडके सरकवायला, तू ट्रॅक्टरवर. रेतीचा चढ अर्धा झाला आणि शेवटच्या उंचवट्यावर ट्रॅक्टर अडला. पुढची चाकं उचलली गेली, आवाज दबला. मी होडीच्या बाजूला उभी होते आणि मनात म्हणत होते, हा माझा एक मिलिमीटर. नाखव्याच्या बायकोने पदर खोचला आणि खांदा लावला. मीही लावला. अख्ख्या कोळीवाड्याने लावला. होडी वर गेली आणि ढोल वाजायला लागले. तू खाली उतरलास, घाम पुसलास, सगळ्यांच्या पाठीवर थापा खाल्ल्यास आणि माझ्याजवळ येऊन म्हणालास, ‘एक बैल कमी पडलो, शाले.’

तेव्हापासून दर वर्षी. होड्या वर घ्यायचा दिवस आला की आपण जायचो, होडी त्याच उंचवट्यावर अडायची, सगळे खांदा लावायचे आणि तू माझ्याकडे बघून म्हणायचास, एक बैल कमी. मला वाटायचं, आज सांगावं. मग कोणीतरी तळलेली सुरमई आणून हातात द्यायचं आणि राहून जायचं.

काल नाखवा आला होता. मागे बसला होता. जाताना मला म्हणाला, पाच वर्षांत इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही. खरं सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की बघ, मी बरोबर होते. आणि लगेच तुझा आवाज ऐकू आला की एक मिलिमीटर तासलं असतं तरी उघडावं लागलं नसतं. हे भांडण आता कायमचं राहिलं. तू अर्ध्यातून उठून गेलास, म्हणजे मी जिंकले असं धरायला हरकत नाही, पण मजा नाही त्यात.

पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात वहिनीजवळ बसले. पुऱ्यांची कणीक तिने स्वतः मळली होती, दुसऱ्या कुणाची तिला पटत नाही. थोडी उरली होती. तिच्याकडे बघता बघता मी तिला सगळं सांगून टाकलं. दीड, अडीच, वही, सगळं. तुला सांगता आलं नाही म्हणून तिला. तिने ऐकून घेतलं. आश्चर्य काही दाखवलं नाही. मग कणकेचे दोन सुपारीएवढे गोळे केले आणि माझ्यासमोर ठेवले.

ती म्हणाली, त्या शनिवारी तू आली नाहीस. हे शेडवरून आले, मी पुऱ्या लाटत होते, तर परातीतले दोन गोळे उचलले आणि उलट्या पावली परत गेले. तासाभराने आले. मला वाटलं होतं, तुझ्या वाटणीच्या पुऱ्या कच्च्याच खाल्ल्या की काय.

मला कळायला वेळ लागला, दादा. मापात मी हुशार, बाकी तू म्हणायचास तशीच. दोन गोळे. एक पहिल्या सिलिंडरला, एक चौथ्याला; घाईत दोन टोकं बघितली तरी पुरे, हे मीच तुला शिकवलं होतं. तुला माझा आकडा ऐकताना काहीतरी वेगळं लागलं असणार, तो तुझा कान. परत जाऊन तू हेड उघडलंस, पहिला गोळा मोजलास आणि अडीच आलं. चौथा बघायची गरजच उरली नाही, आणि त्या धांदलीत तो हेडला आतून चिकटून तसाच राहिला.

म्हणजे तुला ठाऊक होतं. सकाळी नळीतून वास आला तेव्हा तो गोळा कुणाचा हे तुला ठाऊक होतं आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस, चोरा. पाच वर्षं ‘एक बैल कमी’ म्हणताना तुला ठाऊक होतं की तो बैल कुणी लपवला. हॉस्पिटलात चार बोटं दाखवलीस तेव्हाही. आणि त्या संध्याकाळी तुझ्या हातात अजून एक मिलिमीटर होता, तासून देणारा दुकानदार ओळखीचा होता, विचारणारं कोणी नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात एक बैल कधी कुणाला सोडला नाही त्याने तो सोडला. मी घाबरले होते म्हणून. मी त्याबद्दल तुझे आभार मानले नाहीत, कारण मला माहीतच नव्हतं. आज मानते.

वहिनीला मी विचारलं की परत आल्यावर दादा काय बोलला. ती म्हणाली, हात धुतले, पाटावर बसले. मी विचारलं, काय झालं, शालीचं माप चुकलं का? तर म्हणाले, ‘शालीन दीड सांगल्यान, म्हणजे दीडच. वाढ.’

रात्री घरी आल्यावर मी ती वही काढली. तुला सगळं सांगून झालं की तो आकडा खोडून खरा लिहायचा, शेजारी सही करायची, असं मी बरेच दिवस ठरवलं होतं. कंपनीत तशीच पद्धत आहे. पेन हातात घेतलं, पान उघडलं.

दीडच ठेवलंय, दादा.